कॅनोपीखालचं ऊन

ग्लायडरला इंजिन नसतं, त्याचं इंधन ऊन. जमीन तापते, तिच्या अंगालगतची हवा हलकी होऊन वर निघते, आणि त्या वर चढणाऱ्या हवेच्या स्तंभात, म्हणजे आमच्या भाषेत थर्मलमध्ये, गोल गोल फिरत ग्लायडर उंची कमावतं. ऊन जितकं कडक तितकं उडणं चांगलं. आणि नेमक्या अशाच दिवशी समोर लावलेल्या फोनच्या किंवा हातात मावणाऱ्या नॅव्हिगेशन यंत्राच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. आभाळ भरून येतं, हवा मरगळते, तेव्हा पडदा लख्ख दिसू लागतो. पण तोवर उतरायची वेळ झालेली असते.

उडणाऱ्यांच्या गप्पांत हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "जास्त ब्राइटनेसचा फोन घे, झालं!" मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. का पटत नाही, ते जरा सविस्तर सांगायचं आहे.

जमिनीवर उन्हात फोन बघायचा तर आपण नकळत पाठ फिरवतो, हाताचा आडोसा करतो, सावली गाठतो. ग्लायडरमध्ये यातलं काहीच करता येत नाही. पायलट जवळजवळ आडवा होऊन बसलेला असतो आणि डोक्यावर, खांद्यांच्या दोन्ही बाजूंना, पार गुडघ्यांच्याही पुढे पारदर्शक ॲक्रिलिकचा घुमट असतो. हीच कॅनोपी. चांगलं ॲक्रिलिक ९२ टक्क्यांच्या आसपास उजेड आत सोडतं. एक हात ग्लायडर वळवायच्या स्टिकवर, दुसरा पंखांवरच्या एअरब्रेकच्या किंवा फ्लॅपच्या दांडीच्या आसपास. कायमची बसवलेली उपकरणं निदान पॅनेलच्या छज्जाखाली असतात. हातातलं यंत्र मात्र एका लवचीक दांडीवर छज्जाच्या बाहेर, भर उन्हात लटकतं, कारण दुसरीकडे त्याला जागाच नसते.

या बाबतीत मला आकड्यांवर भरवसा ठेवायला आवडतं, कारण डोळा फार सहज फसतो. कचेरीतल्या टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. भर दुपारच्या थेट उन्हात तो एक लाख लक्सच्या घरात जातो. दोनशे-तीनशे पटींचा हा फरक आपल्याला जाणवत नाही. बाहुली आकसते, दृष्टिपटल सरावतं, आणि थोड्याच वेळात ते ऊन नेहमीचं वाटू लागतं. पडदा असा सरावत नाही. पडद्याचं तेज निट या एककात मोजतात. साध्या फोनचा पडदा ५००-६०० निटचा, अलीकडचे चांगले फोन उन्हात हजाराच्या वर जातात. आता मांडीवरचा कागदी नकाशा बघा. एक लाख लक्स उन्हात साधा पांढरा कागद सुमारे २५,००० निटने उजळतो. त्याला बॅटरी लागत नाही, तो तापून बंद पडत नाही. त्याच्या शेजारी फोनचा दिवा म्हणजे सूर्यापुढे काजवा.

पण खरी गोम तेजात नाही, फरकात आहे. अक्षर वाचता येतं ते काळ्या आणि पांढऱ्यातल्या अंतरामुळे. खोलीत आपल्या पडद्याचा पांढरा भाग काळ्यापेक्षा हजार पटींनी उजळ असू शकतो. त्याच पडद्यावर एक लाख लक्स ऊन पडलं आणि त्यातलं फक्त एक टक्का विखरून परत आलं, तरी सगळ्या पडद्यावर सुमारे ३०० निटचा पांढुरका थर चढतो. ६०० निटचा पांढरा ९०० होतो आणि शून्याजवळचा काळा ३०० होतो. हजाराचं प्रमाण तीनावर येतं. वेबपानांच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असं प्रमाण मागितलेलं आहे. आपण त्याच्याही खाली आलो, आणि हे फक्त एका टक्क्याने केलं.

हे झालं विखरणाऱ्या उजेडाचं. त्याशिवाय पडद्याची काच आरसाही असते. काच आणि हवा जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के उजेड परततो. आता त्या आरशात पायलटला काय दिसतं? स्वतःचा शर्ट. उकाडा टाळायला आम्ही बहुतेक जण पांढरे, फिकट कपडे घालतो, डोक्यावर पांढरी टोपी. उन्हातला पांढरा शर्ट कागदाइतकाच, म्हणजे २५,००० निटपर्यंत चमकतो. त्याचे चार टक्के म्हणजे हजार निट. साधा फोन स्वतःच्या बळावर जेवढा उजळतो त्याच्याहून जास्त तेज नुसत्या शर्टाच्या प्रतिबिंबाचं! गडद रंगाचा शर्ट घातला तर हेच प्रतिबिंब शंभराच्या आत येतं. इतका स्वस्त आणि इतका गुणकारी उपाय मला दुसरा सापडलेला नाही. गरम होतं, हे मान्य. म्हणून मी टोपी पांढरी ठेवते आणि शर्ट गडद निळा घालते.

यंत्राचा कोनही याच हिशेबाने लावायचा असतो. पुष्कळ जण पडदा अगदी चेहऱ्यासमोर, काटकोनात ठेवतात. त्यापेक्षा तो थोडा खाली झुकवला, की आरशात शर्टाऐवजी मांड्या आणि कॉकपिटचा तळ येतो, आणि तो भाग काळोखा असतो. वर कललेला पडदा आभाळ दाखवतो, तसा कधीच ठेवू नये. उन्हातला पांढरा ढग कागदाइतकाच तेजस्वी असतो. अर्थात कोन साधताना स्टिक पूर्ण मागे येते की नाही, संकटात कॅनोपी फेकून देण्याच्या दांडीला काही अडत नाही ना, हे आधी बघायचं. पडद्याची सोय त्यानंतर.

काचेवर लावायच्या फिल्मबद्दलही थोडं सांगते. मॅट फिल्म आरसा मोडते, शर्टाची कड पुसून टाकते, आणि सावलीत फार छान वाटते. पण थेट ऊन पडलं की तोच उजेड ती सगळीकडे पसरवते आणि सगळा पडदा दुधाळ होतो. परावर्तन घटवणारा खरा लेप वेगळा. त्याची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतकी ठेवलेली असते, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास, आणि त्यामुळे वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे तरंग एकमेकांना खोडून काढतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काच आणि पडदा यांच्यामध्ये हवेची फट नसणं. जुन्या दाबून चालणाऱ्या टचस्क्रीनमध्ये अशी फट असायची, आणि प्रत्येक फटीला दोन जास्तीचे पृष्ठभाग. आता पारदर्शक चिकट थराने ती भरून काढतात. हे सगळं करून झाल्यावर आपण सनस्क्रीन लावलेल्या बोटाने पडद्याला हात लावतो! तो तेलकट डाग उन्हात जितका झळाळतो तितकं दुसरं काही झळाळत नाही. सनस्क्रीन लावल्यावर बोटं नीट पुसायची आणि एक मऊ फडकं हाताशी ठेवायचं, इतकंच.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतो तो थर्मलमधला उजेड. ग्लायडर तिरकं होऊन घट्ट वर्तुळात फिरत असतं, एक फेरी साधारण वीस सेकंदांची. या वीस सेकंदांत सूर्य तुमच्याभोवती पुरी प्रदक्षिणा घालून जातो. तो समोर येतो तेव्हा यंत्राची पाठ उन्हाकडे आणि पडदा सावलीत असतो, पण डोळे दिपलेले असतात. मग तो बाजूला सरकतो, कॅनोपीच्या चौकटीची सावली पडद्यावरून तिरकी निघून जाते, आणि मधल्या काही क्षणांत सगळं अगदी स्वच्छ दिसतं. मग तो पाठीमागे जातो, ऊन खांद्यावरून थेट काचेवर पडतं आणि पडदा कोरा होतो. पुन्हा समोर. उडता उडता शरीर हे शिकतं. वाचता येण्याची खिडकी वर्तुळात कुठे आहे, ते मान आणि डोळे आपोआप ओळखू लागतात, आणि वाचायचं ते त्या खिडकीपुरतं राखून ठेवतात. सरळ उड्डाणात मात्र ही चैन नसते. पाठीवर ऊन घेऊन लांबचा पल्ला काढायचा असेल तर पडदा तासभरही कोराच राहू शकतो.

आता वाचायचं असतं तरी काय? एक उदाहरण पुरेसं आहे. मध्यम दर्जाचं ग्लायडरसुद्धा शांत हवेत ४० : १ च्या प्रमाणात सरकतं, म्हणजे एक किलोमीटर उंची खर्चून चाळीस किलोमीटर जातं. दिवसाच्या शेवटी पायलट पुरेशी उंची घेतो आणि धावपट्टीकडे सरळ निघतो. हा फायनल ग्लाइड. पडद्यावर तेव्हा एकच आकडा महत्त्वाचा असतो, आपण तिथे किती उंचीवर पोहोचू तो. अधिक २०० म्हणजे दोनशे मीटर शिल्लक. उणे २०० म्हणजे वाटेतलं शेत शोधायला लागा. या दोहोंतला फरक एका बारीक आडव्या रेषेचा असतो. आणि उन्हात पडद्यावरून सर्वांत आधी नाहीशा होतात त्या बारीक रेषाच. उणे चिन्ह, दशांश चिन्ह, नकाशावरची निषिद्ध हवाई क्षेत्राची कड. त्यानंतर रंग जातात. पांढुरका थर चढला की लाल गुलाबी होतो, निळा राखाडी होतो, आणि लाल म्हणजे धोका हा संकेत कामाचा राहत नाही. म्हणून ज्यांनी ही सॉफ्टवेअरं लिहिताना आकडे मोठे आणि ठसठशीत ठेवले, पांढऱ्यावर काळं लिहिलं आणि अर्थ रंगाऐवजी आकारात मांडला, त्यांच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. काळ्या पार्श्वभूमीवर उजळ अक्षरं रात्री सुरेख दिसतात. उन्हात तीच काळी पार्श्वभूमी उत्तम आरसा होते.

आणि गंमत अशी की हा प्रश्न एकदा बऱ्यापैकी सुटला होता. २००० साली कॉम्पॅकचा आयपॅक आला. खिशात मावणारा छोटा संगणक, त्या पिढीतल्या अनेक पायलटांनी तो कॉकपिटमध्ये नेला. त्याचा पडदा परावर्तक होता. मागून दिवा लावण्याऐवजी तो बाहेरून आलेला उजेडच परत फेकायचा, आणि अंधारात लागलाच तर कडेचा एक छोटा दिवा मदतीला असायचा. ऊन वाढलं की तो अधिक उजळ दिसायचा. त्यानंतर काही यंत्रांत अर्धं परावर्तन आणि अर्धा मागचा दिवा अशी सांगड आली. पण परावर्तक पडद्यावर रंग हवे तर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या लागतात, आणि त्या बराचसा उजेड गिळतात. घरात असा पडदा मळकट दिसतो. फोन लोक घरात वापरतात, घरात पारखतात. त्यामुळे मागून उजळणारे, चमकदार रंगांचे पडदे सगळीकडे गेले आणि आम्हीही तेच घेऊन उडू लागलो. बाजाराला दोष द्यावा असं यात काही नाही, पण एक चांगली गोष्ट हातची गेली, असं मला आजही वाटतं.

ती परत आली पुस्तकं वाचायच्या यंत्रांतून. ग्लायडर पायलटांसाठीचं एक्ससीसोर हे सॉफ्टवेअर २००४ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, आणि पुढे त्यावर काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी ते कोबोच्या ई-वाचकांवरही चालवून दाखवलं. या वाचकांच्या ई-इंक पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे आणि पांढरे कण. विजेचा दाब दिला की एक रंग वर येतो, दुसरा खाली बसतो. चित्र एकदा बदललं की ते टिकवायला वीज लागत नाही. भर उन्हात हा पडदा छापील कागदासारखाच वाचता येतो. नकाशा सरकवताना तो अडखळतो, आधीच्या चित्राची पुसट छाया मागे ठेवतो, आणि उंचावरच्या थंडीत आणखी सुस्तावतो. वर जाताना दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरतं, त्यामुळे डोंगरांमुळे हवेत उठणाऱ्या लाटांवर उंच चढणाऱ्यांना तो पुरा पडत नाही. पण थर्मलमध्ये उडणाऱ्याला सेकंदाला तीस चित्रं लागतात कशाला? नकाशा काही सेकंदांनी हलला तरी चालतं. माझा कौल सरळ त्याच्या बाजूने आहे. उन्हाशी झगडणाऱ्या पडद्यापेक्षा उन्हावर चालणारा पडदा ग्लायडरच्या जातकुळीचा आहे.

फोनचं आणखी एक दुखणं आहे, उष्णतेचं. ॲपलच्या सूचनांप्रमाणे आयफोन वापरायचं भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश. जमिनीवर रांगेत उभं असताना बंद कॅनोपीखाली पारा याच्या बराच वर जातो. फोन तापला की तो स्वतःला वाचवायला पडदा मंद करतो. म्हणजे सर्वांत जास्त उजेडाची गरज असते तेव्हाच तो मिळत नाही, आणि ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला असणं हेच तापण्याचं एक कारण असतं. उड्डाणाआधी फोन उघड्या उन्हात ठेवू नये, एका झडपेचा वारा त्याच्या पाठीवर येऊ द्यावा, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

गॉगलचा मुद्दा मात्र घाईने उरकण्यासारखा नाही. पोलराइज्ड गॉगल पाण्यावरची आणि रस्त्यावरची चकाकी सुरेख कापतात, म्हणून लोक हौसेने तेच घालून येतात. एलसीडी पडद्यातून निघणारा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो. गॉगलची दिशा त्याला आडवी पडली की अख्खा पडदा काळा. मान कलती केली की दिसतो, सरळ केली की जातो. कॅनोपीच्या ॲक्रिलिकमधल्या ताणांमुळे इंद्रधनुषी पट्टे दिसतात ते वेगळंच. आणि दूरच्या विमानाच्या पंखावरून येणारी जी क्षणिक चमक आपल्याला सावध करते, तीसुद्धा हे गॉगल खाऊन टाकू शकतात. अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेने पायलटांना पोलराइज्ड काचांची शिफारस करत नाही असं म्हटलं आहे, ते याच कारणांसाठी. उन्हात रंग बदलणाऱ्या काचांचंही तसंच. त्या अतिनील किरणांनी गडद होतात, आणि बऱ्याच कॅनोपी त्यातला मोठा भाग बाहेरच अडवतात.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी इथे एक आनंदाची गोष्ट आहे. उन्हात बाहुली बारीक होते आणि बारीक बाहुलीतून जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. भर उन्हात कागदी नकाशा कित्येकांना चष्म्याशिवाय वाचता येतो तो यामुळे. फार गडद गॉगल घातला की बाहुली पुन्हा मोठी होते आणि हा फायदा जातो. म्हणून मला मध्यम करड्या, साध्या काचा बऱ्या वाटतात.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने सांगते त्याचं कारण आकडा दिसावा एवढंच नाही. आकडा दिसायला वेळ किती लागतो, हा माझा प्रश्न आहे. शिकत असताना माझे प्रशिक्षक मागच्या सीटवरून एकच गोष्ट सतत सांगायचे, "आत काय शोधते आहेस? बाहेर बघ." ढगांच्या एकाच रांगेखाली दोन ग्लायडर समोरासमोर, प्रत्येकी ताशी १५० किलोमीटरने येत असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला ८३ मीटरने कमी होतं. तीन सेकंदांत अडीचशे मीटर. समोरून येणारं ग्लायडर म्हणजे एक बारीक पांढरी रेघ आणि तिच्या मधोमध एक ठिपका, पांढऱ्या ढगाखाली. पुसट पडदा डोळ्यांना ती तीन सेकंदं सहज आत अडकवून ठेवतो. त्यात लांबून जवळ आणि जवळून पुन्हा लांब नजर बसवायचा वेळ मिळवा. २००४ मध्ये फ्लार्म आलं, ग्लायडरना एकमेकांच्या जवळ येण्याची सूचना देणारं यंत्र, आणि त्याने खूप मोठी सोय केली. पण त्याचंही काम तुमची नजर योग्य दिशेला बाहेर वळवण्याचं आहे.

या कसोटीवर बघितलं तर कॉकपिटमधली सर्वांत वाचनीय उपकरणं फार जुनी निघतात. कॅनोपीच्या काचेवर बाहेरून चिकटवलेला लोकरीचा धागा. ग्लायडर हवेतून सरळ जातंय की घसरतंय, ते तो बाहेर बघता बघताच सांगतो. ऊन जितकं जास्त तितका तो ठळक. दुसरा, व्हेरिओमीटरचा, म्हणजे ग्लायडर किती वेगाने चढतंय-उतरतंय ते सांगणाऱ्या यंत्राचा आवाज. हवा वर नेत असेल तर सूर चढतो, खाली ओढत असेल तर उतरतो, आणि डोळे मोकळे राहतात. तिसरी, मॅक्रेडी रिंग. १९५६ साली जागतिक ग्लायडिंग विजेते झालेल्या पॉल मॅक्रेडी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही कडी व्हेरिओच्या तबकडीभोवती फिरते. पुढचा थर्मल किती जोराचा मिळेल त्या अपेक्षेप्रमाणे ती फिरवून ठेवायची आणि काटा ज्या वेगाकडे बोट दाखवेल त्या वेगाने उडायचं. पांढरी अक्षरं, काळी तबकडी, छज्जाची सावली. एका नजरेत उत्तर.

माझ्या पडद्यावर आता मी फार थोडं ठेवते. पोहोचण्याची उंची, पुढच्या वळणाची दिशा आणि अंतर, वारा, आणि हवाई क्षेत्राची जाड कड. बाकीचं सगळं दुसऱ्या पानावर. जिथे शक्य असेल तिथे सूचना आवाजी. पूर्वी एका पानावर खूप काही असावं असं वाटायचं, कारण सॉफ्टवेअर ते सगळं देऊ करतं. पण लहान केलेला प्रत्येक आकडा उन्हात आधी बुडतो.

परवा नव्याने एकटी उडू लागलेल्या एका मुलीने विचारलं, "ताई, कुठलं यंत्र घेऊ?" मी तिला नाव सांगितलं नाही. म्हटलं, जे घ्यावंसं वाटतंय ते कोणाकडून तरी तासभर माग आणि भर दुपारी मोकळ्या मैदानावर जा. उडताना घालतेस तेच कपडे, तीच टोपी, तोच गॉगल घाल. यंत्र पूर्ण ब्राइटनेसवर अर्धा तास उन्हात चालू ठेव, तापू दे. मग ते हातभर अंतरावर धर, क्षितिजावरच्या एखाद्या झाडाकडे बघ, तिथून नजर पडद्यावर आण आणि चिन्हासकट आकडा मोठ्याने वाच. सोबत कोणाला तरी वेळ मोजायला सांग. मग थोडी वळ, पुन्हा वाच. अशी सावकाश पूर्ण फेरी घे. सगळ्या दिशांना सारखं दिसेल असं यंत्र मिळणार नाही. ज्या दिशांना एका सेकंदात वाचता आलं त्या लक्षात ठेव, आणि ज्या दिशेला दिसलंच नाही तीही. वर गेल्यावर ऊन त्या बाजूने येत असेल तेव्हा यंत्राकडे बघायचंच नाही.